दात येणाऱ्या मांजराच्या पिल्लांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चघळण्याच्या कापडी खेळण्याची शिवण उसवून पिल्लाच्या पोटात दोरा जाण्याचा प्रसंग, वेष्टनावरील चुकीची माहिती आणि ग्राहक सेवेने दिलेला घातक सल्ला यांबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने ‘दात येणाऱ्या पिल्लांसाठी खास’ असे छापून विकलेले माशाच्या आकाराचे कापडी खेळणे मी आमच्या चार महिन्यांच्या मांजरीसाठी घेतले होते. चौथ्याच दिवशी त्याची शिवण उसवली आणि आतला दोरा तिने गिळायला सुरुवात केली. ही गोष्ट कळवून पुढे काय करावे असे मी आपल्या ग्राहक सेवेला विचारले, तेव्हा मला लेखी स्वरूपात जे उत्तर मिळाले ते मी पाळले असते तर तिच्या जिवावर बेतले असते. या दोन्ही गोष्टींची तक्रार मी या पत्राद्वारे नोंदवीत आहे. खेळण्याचे पैसे मला परत हवेतच, परंतु तेवढ्यासाठी मी एवढे लांब पत्र लिहिले नसते.

ठमी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती आणि तिचे दुधाचे 26 दात पूर्ण आलेले होते. साडेतीन महिन्यांच्या सुमारास तिचे वागणे बदलले. खाताना ती मान एका बाजूला कलती करू लागली, कोरडे खाणे तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकू लागली, आणि जे दिसेल ते, म्हणजे खुर्चीचा पाय, पुस्तकाचा कोपरा, चार्जरची वायर, आमची बोटे, दाढेखाली धरून चावू लागली. एके दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर मला तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा दात सापडला. मुळाशी तो पोकळ होता आणि कडेला रक्ताचा अगदी बारीक ठिपका होता. मी घाबरून पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी समजावले की दुधाच्या दाताचे मूळ शरीरात हळूहळू विरघळते, मग खालून येणारा कायमचा दात त्याला ढकलतो, आणि असे पडलेले दात बहुतेक पिल्ले खाता खाता गिळून टाकतात, म्हणून घरच्यांना ते सहसा दिसतही नाहीत. पुढचे बारीक दात आधी बदलतात, मग सुळे आणि दाढा, आणि सहा ते सात महिन्यांपर्यंत कायमचे 30 दात पूर्ण होतात. तोवर हिरड्या लाल होणे, थोडी लाळ गळणे, तोंडाला किंचित वास येणे हे चालायचेच. चावायला योग्य, मऊ वस्तू द्या, असे त्यांनी सांगितले. त्या सल्ल्यावरून मी आपले खेळणे निवडले, कारण ते नेमके याच कामासाठी बनवले आहे असे आपण वेष्टनावर ठळक अक्षरांत म्हटले होते.

आता त्या खेळण्याविषयी लिहिते. माशाचे पोट कापडाचे, शेपटीच्या जागी एक कडक कडी आणि कडेने चमकदार नायलॉनच्या दोऱ्याची जाड, सजावटीची शिवण अशी त्याची रचना आहे. पहिल्या दोन दिवसांत काही वावगे दिसले नाही. तिसऱ्या दिवशी माशाचा एक डोळा निखळून पडला, तो मी उचलून बाजूला ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी ठमी कोपऱ्यात मान पुढे काढून बसलेली दिसली. ती सारखी घोट गिळत होती आणि पंजाने तोंड पुसत होती. जवळ जाऊन पाहिले तर ओठाच्या कडेतून चमकदार दोऱ्याचे एक टोक लोंबत होते. माझा हात आपोआप ते ओढायला गेला होता. त्याच क्षणी मी दवाखान्यात फोन लावला आणि पलीकडून पहिलेच वाक्य आले ते ‘दोरा ओढू नका’ हे.

हे वाक्य मला आधी माहीत नव्हते आणि आपल्या वेष्टनावर ते कुठेही नाही. पशुवैद्यांनी तिला गुंगी देऊन तोंड उघडले तेव्हा दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी अडकलेला होता आणि दुसरे टोक घशाखाली उतरले होते. दोऱ्याचे एक टोक वर असे अडकून राहिले आणि दुसरे आतड्यात पुढे सरकत गेले, तर नाडी ओढल्यावर जशी चुणी पडते तशी आतडी त्या दोऱ्यावर गोळा होतात. ताणलेला दोरा त्यांच्या भिंतीत रुतून त्या कापूही शकतो, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. टोक धरून ओढले तरी हाच धोका. आमच्या सुदैवाने सगळा दोरा वरच्या वर सोडवता आला. मी तो मोजला आहे. एक वीत आणि वर दोन बोटे एवढा तो भरला. पोटाची तपासणी झाली, पुढचे दोन दिवस ती ओकत तर नाही ना, खाते आहे ना, शी होते आहे ना हे पाहत आम्ही आळीपाळीने तिच्यापाशी बसलो. ती सुखरूप आहे.

माझा आक्षेप शिवण कच्ची निघाली एवढाच नाही. एखादा नग सदोष निघू शकतो, हे मी समजू शकते. परंतु दाताखाली देण्याच्या, मांजरांसाठीच्या खेळण्यात मोकळा होऊ शकेल असा दोरा मुळात असावाच कसा, हा माझा प्रश्न आहे. मांजराच्या दाढा आपल्यासारख्या सपाट नसतात. त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात, म्हणजे मांजर वस्तू चघळताना प्रत्यक्षात ती कातरत असते. शिवणीवर हा प्रयोग तासभर चालला की टाके तुटणारच. आणि मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे जिभेवर आलेला दोरा तिला सहज थुंकून टाकता येत नाही, तो आत आतच जातो. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने लोकरीचा गुंडा उचलून ठेवावा असे पशुवैद्य सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. जी कंपनी केवळ पाळीव प्राण्यांच्या वस्तू बनवते, तिला हे एका गृहिणीकडून पत्राने कळावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेपटीच्या कडीबद्दलही एक गोष्ट नोंदवून ठेवते. पशुवैद्यांनी ती हातात घेऊन अंगठ्याचे नख दाबून पाहिले. नखाचा वण उठला नाही. ज्या वस्तूवर नख उमटत नाही ती दातांसाठी फार कडक समजावी, आणि हलत्या दुधाच्या दातांसाठी तर नक्कीच, असे त्यांचे म्हणणे पडले.

वेष्टनाच्या दर्शनी भागावर ‘आपण घरी नसतानाही तासन्‌तास चघळू द्या’ असे वाक्य आहे आणि मागे, घडीच्या आत, बारीक अक्षरांत ‘देखरेखीखालीच वापरावे’ असे आहे. यातले कोणते खरे मानायचे? दोरा गिळल्याचे मी दूरध्वनीवर कळवले तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी मला दुसरे वाक्य वाचून दाखवले आणि जबाबदारी माझी असल्याचे सांगितले. मी खेळणे घेतले ते पहिले वाक्य वाचून. त्याच वेष्टनावर असेही छापले आहे की दात येण्याचा काळ चौथ्या महिन्यात संपतो आणि त्यानंतर पिल्लू चावत राहिले तर ती वाईट खोड समजून त्याला रागवावे. हे चूक आहे. चौथ्या महिन्यात तर हा काळ ऐन भरात असतो, सुळे आणि मागच्या दाढा अजून यायच्या असतात. हे वाचून कितीतरी घरांत दुखणाऱ्या हिरड्यांच्या पिल्लांवर ओरडले जात असेल. रागावल्याने पिल्लू चावायचे थांबत नाही, माणसाला घाबरायला मात्र शिकते. याउलट जे सांगायला हवे होते, म्हणजे नवा सुळा आला तरी शेजारी दुधाचा सुळा तसाच राहिला तर पशुवैद्यांना दाखवावे, किंवा पिल्लाने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर ते दात येण्यामुळे आहे असे समजून घरी थांबू नये, त्याचा उल्लेखही नाही.

आता ज्या भागामुळे मी हे पत्र लिहायला बसले, तो भाग. दवाखान्यातून परतल्यावर मी आपल्या ग्राहक सेवेला घडलेला प्रकार लिहून कळवला आणि खेळणे काढून घेतल्यावर पिल्लाच्या हिरड्यांना आराम कसा द्यावा, असे विचारले. उत्तर असे आले की लहान बाळांच्या हिरड्यांना लावायचे जेल बोटाने चोळावे, ते नसेल तर लवंगेचे तेल लावावे, आणि फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉलच्या गोळीचा चतुर्थांश तुकडा द्यावा. या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

महोदय, मांजराला पॅरासिटामॉल हे विष आहे. ते शरीरातून निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाचे यकृत करते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यामुळे औषधाचे घातक रूप साठत जाते, रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहता येईनासा होतो, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. एका साध्या गोळीने मोठे मांजर दगावू शकते, मग दीड किलोच्या पिल्लाला तिचा चौथा तुकडाही किती भारी! हिरड्या बधिर करणाऱ्या काही जेलमध्ये असलेले बेंझोकेन मांजराच्या रक्तावर असाच परिणाम करते, आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटकही त्याच यकृताला झेपत नाही. ही माहिती कोणताही पशुवैद्य एका मिनिटात देऊ शकतो. आपल्या कार्यालयात ती विचारण्याची पद्धत नसावी, असेच मला समजावे लागते. मी ते उत्तर वाचून पुन्हा दवाखान्यात फोन केला म्हणून गोष्ट तिथेच थांबली. रात्री, दवाखाना बंद असताना, पिल्लू कण्हत असताना दुसऱ्या कोणी ते वाचले असेल तर त्या घरात काय झाले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तिला आराम कशाने पडला, तेही सांगते, म्हणजे आपल्या प्रतिनिधींना पुढच्या ग्राहकाला सांगता येईल. सुती रुमाल पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, थोडा वेळ फ्रीजमध्ये थंड करून आम्ही तिच्यापुढे धरतो. ती दोन्ही पंजांत तो पकडून डोळे मिटून चावते, आणि काम झाले की आम्ही तो उचलून ठेवतो. कोरडे खाणे कोमट पाण्यात मऊ करून देतो. तिने बोटाला तोंड लावले की हात झटकत नाही, सैल सोडतो आणि तिच्यासमोर रुमाल करतो. वायरी नळीत घालून भिंतीलगत बसवल्या आहेत, कारण वायर चावल्याने तोंड भाजते इतकेच नाही, तर विजेच्या झटक्याने फुप्फुसात पाणीही होऊ शकते. यात आम्हाला काही विकत घ्यावे लागले ते फक्त वायरींच्या नळ्या.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. हे खेळणे आपण विक्रीतून तातडीने मागे घ्यावे आणि ज्यांनी ते आधीच घेतले आहे त्यांना दोऱ्याच्या धोक्याची सूचना उघडपणे द्यावी. ग्राहक सेवेने औषधांविषयीचा हा सल्ला आणखी किती जणांना दिला आहे ते शोधून त्या प्रत्येकाशी स्वतः संपर्क साधावा. इतर सर्व बाबी मागे राहिल्या तरी चालतील, परंतु हे काम आजच्या आज व्हावे, कारण तो सल्ला कोणाच्या तरी हाती अजून असेल. वेष्टनावरील मजकूर पशुवैद्यांकडून तपासून दुरुस्त करावा आणि देखरेखीची सूचना दर्शनी भागावर आणावी. खेळण्याची किंमत आणि उपचारांचा खर्च मला परत मिळावा.

खरेदीची पावती, वेष्टनाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, पशुवैद्यांचा लेखी अहवाल आणि आपल्या उत्तराची प्रत सोबत आहे. खेळणे, निखळलेला डोळा आणि काढलेला दोरा मी बंद पिशवीत जपून ठेवला आहे. आपल्या अधिकृत व्यक्तीने पाहायला मागितल्यास मी तो दाखवीन, परंतु लेखी पोच मिळाल्याशिवाय हातचा सोडणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागणार आहे.

आपली,
एक ग्राहक