पुडी परत पाठवत आहे

चि. प्रफुल्ल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कुरिअरने पाठवलेले चूर्ण मिळाले. पण ते मी तुझ्या आईला दिलेले नाही आणि पुडी तशीच परत पाठवत आहे. रागावू नकोस. पुडीवर ‘गाठ विरघळते’ असे ठळक छापले आहे, परंतु आत काय काय घातले आहे याचा एक शब्दही नाही. दुसऱ्या औषधामुळे तिच्या कर्करोगाच्या गोळीचे रक्तातले प्रमाण घटू किंवा वाढू शकते. निदान होण्याआधी एका डॉक्टरांनी एक्स-रेवरील डाग पाहून, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही, तिला चार महिने टीबीची औषधे दिली होती, हे तुला आठवत असेल. त्यांतल्या रिफॅम्पिसिनने ही गोळी जवळजवळ निकामी होते, म्हणून नागपूरला गोळी लिहून देण्यापूर्वी ती औषधे पूर्ण बंद झाली आहेत ना, हे दोनदा विचारून घेतले.

चौथ्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाला केमो न देता नुसती गोळी का, असे तू विचारलेस. गावातही हीच कुजबुज आहे. सलाईन लावले नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे लोक समजतात. तसे नाही. तुकड्याच्या तपासणीत (बायोप्सीत) ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. त्या बदलामुळे पेशीला वाढत राहण्याचा हुकूम अखंड मिळतो आणि गेफिटिनिबची 250 मिलिग्रॅमची गोळी तो हुकूमच अडवते. विडी-तंबाखूला कधी न शिवलेल्या बायकांत हा बदल तुलनेने अधिक आढळतो. (पऱ्हाटी जाळलेल्या चुलीच्या धुराचे मी विचारले, तेव्हा एका रोग्यापुरते तसे सांगता येत नाही असे उत्तर मिळाले. आपल्या घरी गॅस फार उशिरा आला, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.)

गोळीसोबत केमो देण्याचा पर्यायही निघाला होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या गोळीने आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला आणि दोन्ही मिळून 16 महिने. पण तीव्र त्रासही दुपटीने झाला. तिचे वजन तेव्हा 38 किलो होते, म्हणून डॉक्टरांनी आणि तिने स्वतः गोळीच पत्करली.

“येवढ्याशा गोळीनं काय होते जी?” असे ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर आणि छातीवर पुटकुळ्या उठल्या, तेव्हा शेजारच्या बायकांनी कांजण्या समजून कडुलिंबाचा पाला आणून दिला आणि तिने मला न सांगता दोन दिवस गोळी उशीखाली ठेवली. ही पुरळ गोळीचीच आहे आणि मलम व डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने ती आवरते, हे पटायला डॉक्टरांचा फोन लागला. जुलाबाचे तर ती लाजेने सांगतच नव्हती; आता ओआरएसची पाकिटे देवळीत असतात. नखांच्या कडा मात्र सुजून फाटल्या आहेत. परवा हट्टाने वेचणीला गेली आणि बोंडाची वाळलेली टोके लागून अंगठ्यातून रक्त आले. अर्धी ओटी कापूस घेऊन मुकाट्याने परतली. काम सुटल्याचे दुःख तिला आजारापेक्षा मोठे वाटते, असे मला दिसते.

गोळी सकाळी सातला देतो आणि कालनिर्णयावर काडी ओढतो. एकदा विसरलो, ते रात्री दहाला ध्यानात आले; पुढच्या गोळीला बारा तासांहून कमी वेळ उरला असेल तर राहिलेली सोडायची असते, म्हणून ती सोडली आणि दुसऱ्या दिवशी दोन देऊ दिल्या नाहीत. तिची रोजची गॅसची गोळीही बंद केली आहे, कारण पोटातले आम्ल कमी झाले की हे औषध नीट शोषले जात नाही. एकाएकी दम लागला किंवा खोकला वाढला तर त्याच दिवशी नागपूर गाठायचे, कारण क्वचित हे औषधच फुफ्फुसाला सूज आणते. गाडीवाल्याला सांगून ठेवले आहे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. ही गोळी आजार थोपवते, मुळापासून काढत नाही, आणि पेशी पुढे दुसरी वाट शोधतात. जवळपास निम्म्या रोग्यांत ती वाट म्हणजे त्याच जनुकातला टी790एम हा आणखी एक बदल असतो. तो सापडला तर ऑसिमर्टिनिब ही दुसरी गोळी चालते. तुझ्या आईला हे सर्व ठाऊक आहे.

पुढच्या महिन्यात सीटी स्कॅन आहे. दोन दिवसांची रजा काढून ये आणि येताना तिच्यासाठी पातळ सुती हातमोजे आण. इथे रबराचेच मिळतात आणि त्यांत तिच्या बोटांची आग होते.

तुझे
बाबा