एका वॉशरपायी कार्बोरेटर बदलायचा नाही

काटोल, 8 मे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तुझ्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तीन गोष्टी सांगितल्या. इंजिन हळू फिरताना पेट्रोल ठरवणाऱ्या पायलट स्क्रूचा वॉशर हरवला, पेट्रोल साठते त्या खालच्या वाटीचा एक स्क्रू गेला, आणि वाटीची रबर रिंग फुगून खाचेत बसेना. वरून म्हणे नवा कार्बोरेटरच घेतो. काहून? तीनही गोष्टी मिळून चहा-पोह्यांच्या पैशात निघतात. गुरुवारी बाबा संत्र्याच्या कामाने नागपूरला कळमन्याच्या बाजारात येत आहेत, त्यांच्याजवळ एक डबी देते आहे. तोवर गाडीला किक मारू नको आणि सेल्फही दाबू नको.

आधी वॉशर खरंच हरवला का ते पाहा. दहातले निम्मे वॉशर हरवलेले नसतातच, ते स्क्रूच्या भोकातच राहतात. स्क्रू आणि स्प्रिंग बाहेर येते, ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक कडी, तळाशी चिकटते आणि वॉशर तिच्यावर पडून राहतो. भोकात टॉर्च मारून पाहा. बारीक तांब्याची तार टोकाशी किंचित वाकव आणि त्याने हळूच ओढून काढ. सुई किंवा टाचणी घालू नको. तळाच्या बारीक छिद्राच्या काठावर ओरखडा गेला की तिथून पेट्रोल कायमचं जास्त जाणार, आणि मग खरोखरच नवा कार्बोरेटर घ्यावा लागेल.

भोकात नसेल तर जमिनीवर शोध. कूलर बंद कर, त्याच्या झोतासमोर बसून हे काम करायचंच नाही. रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेव, तिळाएवढ्या वस्तूचीही लांब सावली पडते. तरी नाही दिसला तर फड्याने खोली झाडून सगळा केर एका कागदावर घे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यातून फिरव. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं आत जमा होते. चुंबकाला स्प्रिंग, स्क्रू, क्लिप लागतात. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे भाग, पितळेचे, ते लागत नाहीत, ते डोळ्यानेच शोधावे लागतात.

आता त्या पायलट स्क्रूचं. तुझ्या गाडीत हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणून त्याला तीन सोबती आहेत. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग टोकाकडे ओ-रिंग, असं ओवायचं आणि तसंच आत सोडायचं. वॉशर दिसायला फालतू, पण तो नसला की स्प्रिंगचं कापलेलं टोक थेट रबरावर दाबते. तू स्क्रू फिरवशील तसं ते रबर कुरतडत जाते. मग तिथून हवा ओढली जाते, कारण त्या बाजूला इंजिनची ओढ असते. लक्षणं अशी: रेस, म्हणजे इंजिनचा वेग, आपोआप चढते, अॅक्सिलरेटर सोडल्यावर लवकर उतरत नाही, उतारावर सायलेन्सरमध्ये फटफट होते, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. अशी गाडी घेऊन पोरं आपल्या दुकानात येतात आणि जेट बदलून मागतात. जेटचा काही दोष नसतो.

डबीत दोन वॉशर आणि तीन ओ-रिंगा ठेवल्या आहेत. ओ-रिंग व्हिटॉनची, म्हणजे पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या रबराची आहे. नळाची किंवा मिक्सरची रबर रिंग मापाने बरोबर वाटली तरी घालू नको, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल राहते, साधं रबर त्यात फुगते नाहीतर चुरते. पुढे कधी ओ-रिंग विकत घ्यायची वेळ आली तर जुन्या रिंगेचं माप देऊ नको, ती चपटी झालेली राहते. मोजायचं ते भोक आणि स्क्रूचा दांडा. वर्निअर (बारीक मापाची पट्टी) नसेल तर स्क्रूच घेऊन ऑइल-सीलच्या दुकानात जा. वॉशरची परीक्षा सोपी: भोकात न अडकता खाली गेला पाहिजे, दांड्यावर सैल फिरला पाहिजे, आणि स्प्रिंग त्याच्या छिद्रातून घुसता कामा नये.

बसवताना स्क्रू नुसत्या बोटांच्या जोराने टेकेपर्यंत आत घे. टेकला की थांब. जोर दिला तर टोक मोडून छिद्रात अडकते. किती फेरे होते ते तू मोजले नाहीस, हे मला फोनवरच समजलं होतं. आता टेकल्यापासून दीड ते दोन फेरे बाहेर काढ, पाच-सात किलोमीटर फिरवून गाडी गरम कर, मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे रेस सर्वांत चढलेली आणि सारखी लागते तिथे सोड, आणि रेसचा स्क्रू वेगळा धरून रेस खाली आण. हा स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढते. तुझ्या मित्राच्या जुन्या बुलेटचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, तिथे उलटं: बाहेर काढला की हवा वाढते. एकाच्या गाडीवर शिकलेलं दुसऱ्याच्या गाडीवर चालवाल आणि मग कार्बोरेटरला शिव्या द्याल.

वाटीचा स्क्रू 4 मिलिमीटरचा आहे, आट्यांमधलं अंतर 0.7 मिलिमीटर. जाडी सगळेच बरोबर आणतात, चूक होते ती लांबीत. उरलेल्या तिघांपैकी एक काढून शेजारी धर. लांब स्क्रू तळाला जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण वाटी दाबलेली नसते आणि पेट्रोल झिरपत राहते. आखूड असला तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. कार्बोरेटरचा धातू मऊ, आटे पिठासारखे निघून येतात. निदान 6 मिलिमीटर तरी आत गेला पाहिजे. मी चारही ॲलन डोक्याचे, म्हणजे षटकोनी खाचेचे देते आहे, सोबत स्प्रिंग वॉशर. जुन्या स्क्रूंच्या डोक्यावरची चौफुली खाच जपानी घडणीची, साधा चौफुली पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. नवे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, मनगटाच्या जोराने आवळ. पाना लांब धरून नाही.

वाटीच्या रिंगेला काही झालेलं नाही. पेट्रोलमधून काढलेली रिंग फुगलेलीच राहते. कागदावर ठेवून सावलीत एक-दोन दिवस सुकू दे, बहुतेक वेळा ती पुन्हा खाचेएवढी होते. कापून जोडू नको. आणि ती लाल-काळी सिलिकॉन पेस्ट तर बाप्पा लावूच नको! पेट्रोलमध्ये ती मऊ पडून तुकडे सुटतात आणि नेमके स्लो जेटमध्ये, म्हणजे कमी रेसच्या सर्वांत बारीक जेटमध्ये, जाऊन बसतात. दोन दिवसांनीही बसली नाही तर नवी लागेल, ती मात्र कार्बोरेटरचा नंबर सांगूनच घे.

रिपेअर किट घेतलंस तरी चालेल, पण त्यातलं रबर वापर आणि जेट बाजूला ठेव. नकली किटमधल्या जेटवरचा आकडा आणि आतलं छिद्र यांचा मेळ असेलच असं नाही. जेट हरवला तर आकडा सांगतानाही जपून. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा छिद्राच्या मापाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनी कंपनीच्या षटकोनी जेटचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहते त्याचा. दोघांचा शंभर नंबर एक नाही.

जुगाड कुठे चालते हेही सांगते, नाहीतर तू विचारशीलच. रेसच्या स्क्रूची स्प्रिंग हरवली तर बॉलपेनची स्प्रिंग कापून घरापर्यंत येता येते. तिची तार बारीक, धक्क्यांनी स्क्रू फिरून जातो, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायची. फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग, त्याची पिन हरवली तर खिळा नाही, खिळा धड गोलही नसतो आणि गंजतो, मग फ्लोट अडकतो आणि कार्बोरेटर ओव्हर होतो, पेट्रोल ओसंडते. त्याच जाडीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा कापून टोकं घासली तर चालते. पिन काढताना डोकं नसलेल्या बाजूने ढकलायची आणि दुसऱ्या हाताने पिनेच्या खांबाला टेका द्यायचा. खांब तुटला की बॉडी भंगारात.

निडल, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणारी लांब सुई, तिच्या क्लिपला मात्र जुगाड नाही. सैल क्लिप कंप पावून खाच झिजवते आणि निडल खाली घसरते. काढताना दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून काढ, उडाली तरी पिशवीत. आणि हवेच्या वाटेत उघडझाप करणाऱ्या आतल्या गोल पाकळीचे दोन बारीक स्क्रू, ज्यांची टोकं ठोकून फुगवलेली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. त्यातला एक सुटला तर इंजिन तो गिळते. मग वॉशरचा हिशेब राहत नाही, इंजिनचं हेड उघडावं लागते.

साफ करायचा स्प्रे मारण्याआधी सगळं रबर आणि वरचा डायफ्राम (पातळ रबरी पडदा) काढून दूर ठेव. खोलीत काम करत असशील तर खिडकी उघडी ठेव आणि गॅसची शेगडी बंद. सुटे भाग काठाच्या स्टीलच्या ताटात पांढऱ्या कापडावर ठेव, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमाने एकेका खणात एकेक.

सगळं बसल्यावर लगेच चालू करू नको. ओव्हरफ्लोच्या नळीखाली कागद ठेव, पेट्रोलचा कॉक उघड, दहा मिनिटं थांब. कागद ओला झाला तर फ्लोट किंवा त्याची सुई नीट बसली नाही. त्या सुईला तारेची छोटी कडी असते, ती फ्लोटच्या पट्टीत अडकवायची राहून गेली असेल. ऑइलची पातळी पाहा, वास घे. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर आधी ऑइल बदल, मग गाडी चालू.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हा धुराचा नियम लागला, नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं, तेव्हापासून दुकानदार ही बारीक सामग्री कमी ठेवतात. म्हणून डबीत वॉशर आणि ओ-रिंगा जास्तीच्या दिल्या आहेत, त्या ठेव.

बाबा सकाळी सातपर्यंत बाजारात राहतील, त्याआधी गाठ. वाटीचा एक जुना स्क्रू त्यांच्याजवळ दे, मी इथे काउंटरवर माप लिहून ठेवते. आणि डबी परत पाठव, आजीचं जायफळ तिच्यात असते. धुऊन पाठव.

तुझी आई