चकणेपणा नव्हे, काचेचा डोळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला टीव्हीवरच्या गुप्तहेरांविषयीचा लेख वाचला. 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेतल्या पोलीस गुप्तहेराला जवळजवळ अर्धं पान मिळालेलं पाहून बरं वाटलं. पण कोलंबोचं काम करणाऱ्या पीटर फॉक या नटाने 'चकण्या नजरेची लकब भूमिकेसाठी खास कमावली' असं त्यात म्हटलं आहे, ते चूक आहे. फॉकचा उजवा डोळा काचेचा होता. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या पोराचा डोळा तिसऱ्या वर्षीच रेटिनोब्लास्टोमामुळे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगामुळे, काढावा लागला होता.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण माझाही डावा डोळा नकली आहे. नवव्या वर्षी विटी लागली. वर्गात एक-दोन वात्रट पोरं 'काणा' म्हणायची, पण मराठीच्या गुरुजींनी वामनाची गोष्ट सांगितली आणि त्या दिवसापासून मी 'झारीतला शुक्राचार्य' झालो. पन्नाशी उलटली तरी जुने मित्र 'काय शुक्राचार्य' अशीच हाक मारतात. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय मी आजही चहा ओतत नाही. पुतण्याने अमेरिकेहून कोलंबोच्या डीव्हीडींचा संच आणला, तेव्हा पहिल्याच भागात हा माणूस मान तिरकी करून वस्तू अगदी नाकाशी धरून बघताना दिसला. मी बायकोला म्हटलं, हा आपल्यातला आहे. नंतर वाचून खात्री केली.

आता एक विनंती. दुरुस्ती छापाल तेव्हा मथळ्यात 'अपंगत्वावर मात' घालू नका. फॉकला ते मुळीच आवडलं नसतं. शाळेत असताना बेसबॉलच्या सामन्यात तिसऱ्या बेसवर पंचाने त्याला बाद दिलं. हा पक्का पोचलेला होता. त्याने सरळ काचेचा डोळा काढून पंचाच्या हातावर ठेवला, म्हणाला, घ्या, याने तुम्हाला बरं दिसेल. पुढे सैन्यात डोळ्यामुळे जागा मिळेना, तेव्हा तो व्यापारी जहाजावर आचारी म्हणून गेला. जहाजावर एकट्या कप्तानाला दिसलं म्हणजे झालं, आणि टायटॅनिकच्या कप्तानाला तरी कुठे दिसत होतं, असं तो सांगत असे. विटी लागल्यावर मला कोणीतरी ही गोष्ट सांगायला हवी होती.

नट होण्याचा रस्ताही त्याने भलताच घेतला. १९५३ साली सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या हार्टफर्ड इथल्या अर्थसंकल्प कार्यालयात चिकटला. काम काय, तर सरकारी कारभार अधिक कार्यक्षम कसा होईल ते सुचवायचं. आणि पहिल्याच दिवशी या कार्यक्षमता-तज्ज्ञाला स्वतःचं ऑफिस सापडेना! संध्याकाळी हौशी नाटकं चालायची. वेस्टपोर्टला ईव्हा ल गॅलियन या नामवंत अभिनेत्रीचा वर्ग होता, फक्त व्यावसायिक नटांसाठी. हा थाप मारून शिरला आणि दर वेळी उशिरा पोचायचा. एकदा बाईंनी विचारलंच, एवढा उशीर का? म्हणाला, हार्टफर्डहून गाडी चालवत येतो. तिथे तर नाटक कंपनी नाही, मग करतोस काय? शेवटी त्याने कबूल केलं की मी नट नाहीच. बाई म्हणाल्या, मग व्हायला हवंस. नोकरीचा राजीनामा देऊन गडी न्यूयॉर्कला गेला.

कोलंबिया पिक्चर्स या सिनेमा कंपनीचा प्रमुख हॅरी कोन याने त्याला नाकारलं. एवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो, असं तो म्हणाल्याचं सांगतात. पण फॉकच्या १९६० आणि १९६१ सालच्या सिनेमांना लागोपाठ दोन वर्षं ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं.

कोलंबोबद्दल तुमच्या लेखकाने बरंच लिहिलं आहे, त्यात फक्त एक भर घालतो. तो मळका रेनकोट स्टुडिओचा नव्हता. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर अचानक पाऊस आला, म्हणून फॉकने स्वतःच पंधरा डॉलरला घेतला होता. १९६८ ते २००३ या काळात, मध्ये मोठा खंड पडूनही, एकूण ६९ भाग झाले. काचेच्या डोळ्याबद्दल पडद्यावर मात्र अवाक्षर नाही. फक्त १९९७ च्या एका भागात दुसऱ्याला बरोबर घेताना तो हळूच म्हणून जातो, एकापेक्षा तीन डोळे बरे. तिथे मी टाळी वाजवली होती.

तरी फॉक म्हणजे नुसता कोलंबो, असं वाचकांना वाटू नये. १९७४ च्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'मध्ये तो बांधकाम मजूर आहे. दिग्दर्शक जॉन कासावेटीसच्या या सिनेमात त्याने पदरचे पैसेही घातले होते. रात्रपाळी संपवून तो सहकाऱ्यांना घरी घेऊन येतो, बायको सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते, आणि ती जरा मोकळेपणाने वागली म्हणून हा सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसतो. टेबलावर एकदम चिडीचूप. ज्या नजरेला आपण कोलंबोत हसतो, तिचीच इथे भीती वाटते. टीव्हीवरच्या कामासाठी पाच एमी पारितोषिकं मिळाली खरी, पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

दुसरा सिनेमा १९८७ चा, दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'विंग्ज ऑफ डिझायर'. भिंत अजून उभी असलेलं बर्लिन. फॉक स्वतःच्याच भूमिकेत आहे आणि रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणूनच ओळखतात. टपरीपाशी कॉफी पिताना, शेजारी उभ्या असलेल्या अदृश्य देवदूताला तो म्हणतो, तू मला दिसत नाहीस, पण तू इथे आहेस हे मला ठाऊक आहे. आणि हात पुढे करतो. एका डोळ्याच्या माणसाने हे वाक्य म्हणणं वेंडर्सला मुद्दाम हवं होतं की कसं, देव जाणे. मी तो प्रसंग मागे नेऊन नेऊन चार वेळा पाहिला.

शेवटच्या काही वर्षांत त्याला स्मृतिभ्रंश झाला, आणि २३ जून २०११ रोजी बेव्हर्ली हिल्सला तो गेला.

आता फोटोबद्दल. लेखासोबतच्या फोटोत फॉकचा डावा डोळा काचेचा दिसतो. आधी वाटलं, आपलंच काही चुकतंय. मग भिंग घेऊन कोट पाहिला. बटणं डाव्या बाजूला आहेत, बायकांच्या कोटाला असतात तशी. फोटो उलटा छापला गेला आहे. पुढच्या वेळी सुलटा छापावा.

आपला नियमित वाचक,
मिरज