डमीच्या अंगावर चादर ओढणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

समोर येऊन बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहितेय. आणि चारजणांनी वाचावं असंही वाटतं, म्हणून उघडपणे लिहितेय.

तुम्ही येईपर्यंत छातीत दुखणारा पेशंट आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींना फक्त जर्नलमध्ये भेटला होता. लाल-निळ्या पेनाने लिहिलेला, खाली सही झालेला. स्किल लॅबमधली डमी, म्हणजे सरावासाठीचा प्लास्टिकचा पेशंट, इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढी बाहेर निघायची आणि तेव्हाही हात लावायचा नाही, महाग आहे म्हणून. ज्यांनी आम्हाला असं शिकवलं त्यांच्यावर माझा राग आहे. माणसाच्या जिवाशी गाठ असलेलं काम त्यांनी आमच्याकडून नुसतं लिहून घेतलं.

तुम्ही कॅज्युअल्टीची रात्रपाळी संपवून आलात, डमीला कॉटवर झोपवलंत आणि म्हणालात, "पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी हातात पाहिजे. चला." काय काय शिकवलंत ते सगळं इथे लिहीत बसत नाही. पण प्रत्येक गोष्ट का करायची ते तुम्ही सांगितलंत. जिभेखालच्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती धोक्याची. मधुमेहात नसा बधिर होतात, म्हणून अशा पेशंटच्या छातीत कधी कधी दुखतच नाही; नुसता दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो.

माझ्या मनात घर करून राहिली ती मात्र चादर. आम्ही फासळ्या मोजत लीड, म्हणजे ईसीजीच्या तारा, लावल्या, कागद बाहेर आला आणि सगळ्याजणी त्यावर तुटून पडलो. तुमचं लक्ष कागदाकडे नव्हतंच. तुम्ही पायथ्याची चादर उचललीत, तारा ओढल्या जाऊ नयेत म्हणून एका बाजूला सारल्यात आणि चादर गळ्यापर्यंत आणून तिची कड नीट दुमडलीत. मग त्या प्लास्टिकच्या कानाशी वाकून म्हणालात, "आजी, झालं हं. आम्ही इथेच आहोत." कुणीतरी हसलं. तुम्ही रागावला नाहीत. "हिला कळत नाही, पण तुमच्या हातांना सवय लागू दे," एवढंच म्हणालात.

परवा पोस्टिंगला एक मावशी आल्या. मधुमेहाच्या जुन्या पेशंट, घामाने चिंब. दुसरीकडे कुठेतरी ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवलं होतं, ईसीजी न काढता! ईसीजी न काढता घरी कसं पाठवतात, हे मला अजून पचलेलं नाही. आम्ही लीड लावल्या, पण रेघ सारखी थरथरत होती. मावशींचा एक हात उघड्या छातीवर पदर ओढायला धडपडत होता. तुम्ही नसता तर तो हात माझ्या नजरेला पडला नसता. मी चादर गळ्यापर्यंत घेतली, माझं नाव सांगितलं, त्यांचा हात बाजूला धरून ठेवला. अंग सैल पडलं, रेघ स्वच्छ आली आणि हार्ट अटॅक डॉक्टरांना तिथल्या तिथे दिसला. अँजिओप्लास्टी झाली. मावशी आता बऱ्या आहेत.

घाईत पेशंटच्या लाजेचा विचार करायला वेळ नसतो, असं आम्हाला किती जणांनी ऐकवलं! तुमच्याइतकी घाईत असलेली सिस्टर मी दुसरी पाहिली नाही आणि तुम्ही डमीचीसुद्धा लाज राखलीत. अशी माणसं वॉर्डावॉर्डात असतात, नाकासमोर काम करतात, त्यांचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही. आमच्यासाठी तुम्ही झोप मोडून आलात, त्याचा तर एक पैसाही घेतला नाहीत.

सिस्टर, मनापासून आभार. पुढच्या बॅचलाही शिकवाल ना? तुमची सुट्टी कोणत्या वारी असते ते कळवा, कॉट आणि मशीन आम्ही तयार ठेवतो.

तुमची,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी