ओव्हनमधले चिकनचे गोळे: बायला पत्र

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

ओव्हनमध्ये भाजलेले, सोया सॉस आणि आल्याच्या चवीचे चिकनचे गोळे कसे करायचे ते तू विचारलंस. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितो. श्रावण सरला, चवथ झाली, आता कोंबडी आणायला हरकत नाही. सोमवार तेवढा सोड.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. तळणीत गोळ्याला तेलाची साथ असते. ओव्हनमध्ये गरम, कोरडी हवा वीस मिनिटं त्याच्याभोवती असते आणि कोंबडीत मुळातच चरबी कमी. म्हणून रस टिकवायची तयारी गोळे ट्रेवर जाण्याआधीच करावी लागते.

सुरुवात दुकानापासून. छातीचं मांस घेऊ नकोस, ते लवकर कोरडं पडतं. मांडीचं बोनलेस अर्धा किलो माग आणि कातडी काढून समोरच खिमा करून घे. दुकानातलं यंत्र स्वच्छ दिसलं नाही तर तुकडे घरी आण, फ्रीजरमध्ये वीस मिनिटं ठेव आणि मिक्सरला थांबत थांबत फिरव. गार मांस नीट तुटतं, गरम झालं की त्याचा चिकट लगदा होतो. आणि कोंबडी नळाखाली धुऊ नकोस. आपल्याकडे सगळे धुतात, पण त्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर, भांड्यांवर, कापलेल्या काकडीवर उडतात. जंतू मरतात ते शिजल्याने. धुवायचे ते तुझे हात, सुरी आणि पाट, साबण लावून.

आता पाव. पुस्तकांत जपानी पांको, म्हणजे पावाचा कोरडा चुरा, लिहिलेलं असतं. ते शोधत फिरू नकोस, सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो त्याच्याकडचा उंडो, तो गोल पाव, घे. आदल्या दिवशीचा असेल तर अधिक चांगला. एका उंड्याचा हाताने चुरा कर आणि तीन-चार चमचे दुधात दहा मिनिटं भिजव. हा ओला चुरा खिम्यात मिसळला की दोन कामं करतो: स्वतः पाणी धरून ठेवतो आणि मांसाचे कण एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. गोळा मऊ होतो तो यानेच. ही पायरी घाईत गाळलीस तर नंतर कितीही सॉस ओतलास तरी उपयोग होणार नाही.

या चुऱ्यात एक अंडं फोड. पेरभर आलं आणि चार पाकळ्या लसूण किसून घाल, तीन काड्या पातीचा कांदा अगदी बारीक चिरून. एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा मिरपूड. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चिमूटभरच. तिळाच्या तेलाबद्दल मात्र सावध राहा. आपण समईत घालतो किंवा लोणच्याला वापरतो ते फिकट तेल वेगळं. चिनी, जपानी, कोरियन स्वयंपाकातलं तेल भाजलेल्या तिळांचं, गडद रंगाचं असतं आणि ते वासापुरतं, एक लहान चमचा घालायचं. ते मिळालं नाही तर दोन चमचे तीळ कोरडे भाजून जाडसर कुटून घाल. समईचं तेल त्या जागी नको.

खिमा सगळ्यात शेवटी घाल आणि बोटांनी हलकेच मिसळ. मीठ लागलेलं मांस मळत राहिलं की त्यातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात आणि गोळा रबरासारखा होतो. इंडोनेशियात बाक्सो नावाचे गोळे करतात, त्यांना ती लवचिक चावच हवी असते, म्हणून ते मांस मुद्दाम बारीक वाटून खूप मळतात. आपल्याला त्सुकुने या जपानी चिकनच्या गोळ्यांच्या जवळचं, मऊ काहीतरी हवं आहे. सगळं एकजीव झालं की थांब आणि मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव.

तेवढ्या वेळात वरचा सॉस कर. तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे किसलेला माडाचा गूळ, एक चमचा माडाचं व्हिनेगर, थोडी लसूण, एक सुकी मिरची. खोला मिरची मिळाली तर रंग सुंदर येतो. उकळी आली की चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाल आणि चमच्याला चिकटेपर्यंत ढवळ. बाहेरच्या कृतींत इथे मध असतो. मला आपला काळा गूळच आवडतो, त्याला धुरकट गोडी आहे आणि ती सोयाबरोबर फार छान बसते. हे जोडकाम नवं नाही, बरं का. चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं मकाव 1844 पर्यंत आपल्या गोव्याच्याच कारभाराखाली होतं, आणि तिथल्या मकानीज, म्हणजे पोर्तुगीज-आशियाई वंशाच्या, घरांत मिंची नावाचा खिमा अजूनही सोया सॉस आणि काकवी घालून करतात. समुद्रापलीकडच्या त्या स्वयंपाकघराशी आपलं नातं जुनं आहे, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

ओटीजी, म्हणजे तुझा छोटा विजेचा ओव्हन, 200 अंशांवर, दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधी तापव. हात ओले करून लिंबापेक्षा थोडे लहान गोळे वळ, साधारण बावीस-चोवीस होतील. सगळे एका मापाचे कर, नाहीतर लहान कोरडे पडतील आणि मोठे कच्चे राहतील. ट्रेला तेलाचा हात लाव, गोळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेव. पंधरा मिनिटांनी बाहेर काढून वरून सॉस लाव आणि आणखी तीन-चार मिनिटं ठेव. सॉस सुरुवातीलाच लावलास तर गूळ करपून कडू होईल.

खिमा म्हटला की आतपर्यंत शिजलाच पाहिजे. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक वरवर असतात, खिम्यात ते सगळीकडे मिसळलेले असतात. एक स्वयंपाकाचा थर्मामीटर घे, फार महाग नसतो. गोळ्याच्या मध्यभागी 74 अंश दिसले की काढ, त्यापुढे भाजत बसू नकोस. तो येईपर्यंत सगळ्यात मोठा गोळा फोडून बघ, आत गुलाबी दिसता कामा नये. मध्येच करंट गेला तर अर्धवट भाजलेले गोळे ओव्हनमध्ये तसेच ठेवू नकोस. लगेच तव्यावर थोडं तेल टाकून, झाकण ठेवून मंद आचेवर पुरे कर.

भाताबरोबर खा, बाजूला तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, चकत्या व्हिनेगर-मिठात मुरवून. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत, तिथे तीन दिवस चांगले राहतात. वेर्ण्याहून कामावरून उशिरा येतेस त्या दिवसांसाठी कच्चे गोळे ट्रेवर सुटे गोठवून पिशवीत भरून ठेव. शिफ्टवरून आल्यावर तू बिस्किटं खाऊन झोपतेस हे आईला आणि मला रात्री आठवत राहतं. गोठलेले गोळे थेट ओव्हनमध्ये टाकता येतात, सात-आठ मिनिटं जास्त दे आणि आतून शिजलेत ना ते बघ.

माडाचा गूळ मडगावला मिळेलच, तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक ढेप आणून ठेवतो आणि येताना घेऊन येतो. तोवर साधा गूळ चालेल.

तुझे,
बाबा