बास्केट थोडी खाली आणू या : रविवारच्या मुलांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मखराचं निम्मं सामान आमच्या तळघरात आणि निम्मं खजिनदारांच्या गाडीत, अशा अवस्थेत हे पत्र लिहिते आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. खरं तर हे आवाहन मे महिन्यातच जायला हवं होतं. त्यासाठी कार्यकारिणीच्या तीन बैठका बोलावल्या. दोन गणसंख्येअभावी तहकूब झाल्या आणि तिसरीत ‘सचिवांनी लिहावे’ असं एकमतानं ठरलं. असो.

आपल्या बर्लिनच्या मराठी मंडळाचा रविवारचा बास्केटबॉल वर्ग आता चौथ्या वर्षात आहे. सुरुवातीला नऊ मुलं होती, आज चौतीस आहेत आणि त्यांतली निम्मी सात ते दहा वर्षांची. शाळेच्या हॉलमधली बास्केट ३.०५ मीटरवर पक्की बसवलेली आहे, म्हणजे दहा फुटांवर. छोट्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते. हा पाऊण हाताचा... नाही, जवळजवळ पूर्ण हाताचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. गेल्या रविवारी एक सात वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून उचलून, चेंडू फेकत होती. तो जाळीच्या खालच्या टोकाला लागून परत येत होता. असं पंधरा-वीस वेळा झालं. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, ती खाली नाही का येत?”

तर मंडळी, ती खाली आणायची आहे. त्यासाठी हे पत्र.

मागच्या सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं होतं, की मराठी मंडळाचा आणि बास्केटबॉलचा संबंध काय? लेझीम शिकवा, रामरक्षा शिकवा. तेव्हा चहा आला आणि उत्तर राहून गेलं. ते आज देते. बर्लिनमध्ये राहून ज्यांनी अल्बा बर्लिन या इथल्या बास्केटबॉल क्लबचा एकही सामना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर, बाकीच्यांनी पुढे उडी मारली तरी चालेल.

आपल्याकडे गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या एक आजी खिडकीत बसून रस्ता बघत होत्या. कागद-प्लास्टिक न्यायला गाडी आली. आजींनी गाडीवरचं नाव वाचलं, मग नातवाच्या पिवळ्या जर्सीवरचं वाचलं आणि सुनेला म्हणाल्या, “अगं, कचऱ्याच्या गाडीचं नाव पोराच्या छातीवर?” आजींचं वाचन अचूक होतं. शार्लोटनबुर्गचा एक संघ होता, बीजी शार्लोटनबुर्ग, त्याचं मूळ डीटीव्ही शार्लोटनबुर्ग या तिथल्या क्रीडामंडळात. १९९१ साली कचरा आणि रद्दीच्या धंद्यातली अल्बा कंपनी पाठीशी उभी राहिली आणि संघ अल्बा बर्लिन झाला. भिंत पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे युरोपात नाव काढलेला हा क्लब वयानं आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान आहे. आणि ज्या धंद्याकडे आपण नाक मुरडतो त्यानं त्याला हात दिला, हेही लक्षात असू द्या.

१९९३ मध्ये जर्मनीनं म्युनिकला रशियाला ७१-७० असं एका गुणानं हरवून युरोपचं अजिंक्यपद घेतलं. तो संघ घडवणारे स्वेतिस्लाव पेशिच त्याच वर्षी अल्बाचे प्रशिक्षक झाले. दोनच वर्षांत, मार्च १९९५ मध्ये, युरोपातल्या क्लबांच्या कोराच चषकाची अंतिम फेरी, दोन सामन्यांची. समोर मिलान, त्यांच्याकडे बोदिरोगासारखा खेळाडू. मिलानमधला सामना ८७-८७ असा बरोबरीत सुटला आणि इथे बर्लिनच्या डॉइचलांडहाले या सभागृहात अल्बानं ८५-७९ नं बाजी मारली. जर्मन बास्केटबॉल क्लबला युरोपचा चषक मिळाल्याची ती पहिली वेळ. ते डॉइचलांडहाले आता नाही, २०११ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आपल्या मंडळातले एक काका त्या रात्री तिथे होते. ते दर वर्षी कोजागरीला तो सामना पहिल्या मिनिटापासून सांगतात, आणि दर वर्षी अल्बाचा विजय चार-पाच गुणांनी वाढतो.

जर्मनीतल्या घरच्या लीगमध्ये मात्र लेव्हरकुसेनच्या क्लबची दादागिरी होती. १९९० ते १९९६ सलग सात वर्षं अजिंक्यपद त्यांचं. मग १९९७ ते २००३ सलग सात वर्षं अल्बाचं. फिट्टंफाट! त्या सगळ्या काळात हेन्रिक रोडल संघात होता. १९९३ ला आला, २००४ पर्यंत राहिला, कप्तान झाला, त्याची चार नंबरची जर्सी आता कोणाला देत नाहीत. आणि मिथात देमिरेल. हे नाव पालकांनी नीट वाचावं. बर्लिनमध्ये जन्मलेला, तुर्की घरातला मुलगा, अल्बाकडून खेळला, जर्मनीकडून खेळला, २००५ च्या युरोप स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होता आणि पुढे अल्बाचाच क्रीडा संचालक झाला. ‘आपल्या मुलांना इथे कोण विचारतंय’ असं जे म्हणतात, त्यांनी एकदा हा माणूस आठवावा.

२००८ नंतर बारा वर्षं अजिंक्यपद नाही. चषक येत होते, पण ते नाही. २०१७ साली आयतो गार्सिया रेनेसेस हे स्पॅनिश गुरुजी आले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. पोरांना खेळवायचं, चुका करू द्यायच्या, ही त्यांची रीत. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी अंतिम फेरीत म्युनिकच्या बायर्न क्लबकडून हार. ओस्टबानहोफजवळच्या मोठ्या अरिनात (नाव बदलतं, आता उबर) चौदा हजार लोक गप्प घरी गेलेले मी पाहिले आहेत. एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, कोणी बोलत नव्हतं. शेवटी २०२० मध्ये अजिंक्यपद मिळालं ते म्युनिकच्या रिकाम्या हॉलमध्ये, करोनामुळे प्रेक्षकांविना. मग २०२१ आणि २०२२ धरून एकूण अकरा.

पण माझं उत्तर अजिंक्यपदांत नाही. हेनिंग हार्निश हा १९९३ च्या त्या विजयी संघातला खेळाडू, उड्या मारून डंक करण्यासाठी, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबण्यासाठी प्रसिद्ध. खेळणं संपल्यावर त्यानं अल्बात मुलांचं काम हाती घेतलं. क्लबचे प्रशिक्षक बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत जायला लागले. ज्या वस्त्यांची नावं ऐकून आपण घर घेत नाही, तिथेही. ग्रोपिउसश्टाट या वस्तीत तर त्यांनी शाळा, बालवाडी आणि क्लब एकत्र बांधून काम उभं केलं. मोरित्स आणि फ्रान्त्स वाग्नर हे भाऊ अल्बाच्याच मुलांच्या संघांतून वर आले आणि २०२३ साली मनिलात सर्बियाला ८३-७७ असं हरवून जर्मनी जगज्जेती झाली तेव्हा दोघंही संघात होते. शिवाय मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अल्बानं यूट्यूबवर रोजचा खेळाचा तास सुरू केला, बालवाडीपासून मोठ्यांपर्यंत. आपल्यापैकी किती जणांच्या दिवाणखान्यात तेव्हा मुलं सोफ्याभोवती बेडूकउड्या मारत होती? माझ्याकडे दोन होती. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई छताला झाडू ठोकत होत्या. त्या तासाचे आपण अल्बाला एक सेंटही दिलेले नाहीत.

आपला वर्ग त्याच तासातून निघाला. शाळा उघडल्यावर मुलांना उड्या मारायची सवय लागली होती आणि सोफ्याचे पाय मोडले होते. तेव्हा मोआबिटच्या काकांनी कोणाला न विचारता सहा चेंडू आणले, सायकलच्या पंपाची सुई बदलून रात्री स्वतः हवा भरली. श्पांडाऊच्या वहिनींनी दोन हिवाळे दर रविवारी तीस थालीपिठं करून आणली. ‘मुलं उपाशी खेळतात, मला झोप लागत नाही’ एवढंच त्या म्हणत. बोनसचे पाचशे युरो पाकिटात घालून ‘नाव लिहू नका’ म्हणणारं जोडपं आता म्युनिकला गेलं आहे (बायर्नचे समर्थक होऊ नका म्हणावं). सोलापूरचा एक विद्यार्थी, स्वतःची परीक्षा सांभाळून, दोन वर्षं फुकट शिकवत होता. शाळेचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, तर मराठी नव्हे, तरी तो आपल्यासाठी हॉल अर्धा तास आधी उघडतो, आणि मोदकांच्या बदल्यात काळ्या तळव्यांच्या बुटांचे ओरखडे पुसायला स्वतःचं फडकं देतो. ही माणसं नसती तर वर्ग पहिल्या दिवाळीलाच बंद पडला असता.

आता थोडं मनातलं. मागच्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवरच्या १८६ पैकी अकरा जणांनी उत्तर दिलं. त्यांतल्या चौघांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याच महिन्यात अल्बाच्या सामन्याची सवलतीची चाळीस तिकिटं काढली, ती एका तासात संपली आणि ‘आमचं राहिलं’ म्हणून रागावलेले फोन आले. अडचणी सगळ्यांनाच असतात, भाडी कुठे पोचली आहेत ते मलाही ठाऊक आहे. पण ज्यांची दोन-दोन मुलं वर्गात येतात त्यांनी हॉलच्या दारात ‘आम्ही मेसेज पाहिलाच नाही’ म्हणावं, हे लागलं. लिहून टाकलं, विषय संपला.

हिशेब असा : उंची कमी-जास्त करता येणाऱ्या दोन बास्केट ९०० युरो, पाच नंबरचे (छोट्यांच्या मापाचे) वीस चेंडू ४००, हॉलचं वर्षाचं भाडं व विमा १,१००, प्रशिक्षक विद्यार्थ्याचं मानधन १,२००, एकूण ३,६००, पैकी ६४० जमा. ३० सप्टेंबरपर्यंत उरलेले हवेत, कारण बास्केट शरद सुट्टीआधी मागवायच्या आहेत. पैसे मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर, कारणाच्या जागी ‘रविवार’ आणि आडनाव लिहा, नुसतं ‘रविवार’ नको, मागच्या वेळी खजिनदारांना चार दिवस लागले. करासाठी ३०० युरोंपर्यंत सहसा बँकेचा उतारा पुरतो, त्यावरच्या देणगीची पावती जानेवारीत. रोख रक्कम आरतीनंतर खजिनदारांकडेच, मोदकांच्या टेबलावर ठेवू नये. पैसे नसतील तर हात द्या : ऑक्टोबरपासून दर रविवारी साडेनऊला दोन मोठी माणसं लागतात, यादी आरतीच्या ठिकाणी लावते. आतले बूट पांढऱ्या तळव्याचेच. लहान झालेले बूट फेकू नका, घेऊन या, २८ ते ३६ नंबर चालतील.

ते ज्येष्ठ सभासद हे वाचत असतील तर त्यांनी एका रविवारी यावं ही विनंती. लेझीमही शिकवू, शिकवायला त्यांनीच यावं.

आपली नम्र,
सचिव

ता. क. एप्रिलमधल्या वर्गानंतर मोआबिटच्या काकांचा पंप कोणीतरी घरी नेला आहे. सुईसकट परत आणावा. सध्या चेंडूंत हवा मी पेट्रोल पंपावर जाऊन भरते आहे आणि तिथला मुलगा आता मला ओळखायला लागला आहे.