ती. आई-बाबा, यंदा माझ्या पानात दोनच मोदक

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला गेले की आई "बरं बरं, तू ये तर आधी" म्हणून विषय संपवते आणि बाबा लगेच ठाण्यात पाऊस कसाय ते विचारतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि तुमच्याबद्दलचं आलं की गाळू नका, मी आल्यावर तिला विचारणार आहे.

मुद्द्याचं आधी. यंदा सासरच्या गणपतीची पाळी मोठ्या दिरांकडे आहे, त्यामुळे मी हरतालिकेच्या सकाळी पोचतेय आणि गौरीबरोबर गणपती गेले की मगच निघणार. आणि चतुर्थीला माझ्या पानात दोनच मोदक. हे ठरलंय. माझ्या डाएटिशियनने सांगितलंय असं नाही हां, ती बिचारी तर म्हणाली सणाला थोडं इकडेतिकडे चालतं. माझं मीच ठरवलंय, कारण मला "थोडं इकडेतिकडे" जमत नाही, आपल्या घरात कोणालाच जमत नाही, बाबांकडे बघा.

आई, आता तुझा चेहरा डोळ्यासमोर येतोय. तुझ्या हातचं नको झालंय म्हणून नाही गं. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा असतो ना, एचबीएवनसी, तो ६.१ आलाय. ५.७ च्या खाली असला की ठीक, ६.५ ला डायबेटिस, म्हणजे मी अजून उंबऱ्याच्या अलीकडे आहे एवढंच. सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी पण दिसली. गोळी एकही दिलेली नाही, सध्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के उतरवलं तर दोन्ही मागे जायची चांगली शक्यता आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यासाठी दिवसाला १४०० कॅलरी. आता यावर "या वयात होतंच" असं म्हणू नका. आजीच्या पायाचं मला पुन्हा लिहायला लावू नका, ती दिवाळी कशी गेली ते आपल्या तिघांनाही माहितीये.

आणि उपाशी वगैरे अजिबात नाहीये मी. तू फोटो बघून "गाल बसलेत" म्हणालीस ते बसायलाच हवे होते. सकाळी मुगाच्या डाळीचं धिरडं नाहीतर एक अंडं आणि भाकरी, डब्यात दोन फुलके, भाजी, वाटीभर उसळ आणि ताक, चारला चणे-फुटाणे, रात्री भाकरी, भाजी, वरण. भात रविवारी. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा, त्याची सवय झाली (पहिला आठवडा कोणाशी धड बोलत नव्हते, तुझ्या जावईबापूंना विचार). केस गळत नाहीयेत, चक्कर येत नाही, लोकलचा जिना न थांबता चढते. तू दिलेलं मेतकूट अजून पुरवतेय, मऊ भातावर नाही, दह्यात कालवून खाते, ते पण छान लागतं, तू करून बघ.

आता दोनच का, तर हिशोब सांगते, म्हणजे मी काही फॅड म्हणून करत नाहीये हे कळेल. आपला मोदक बेताचा धरला तरी एकाला साधारण २० ग्रॅम तांदळाची पिठी, २० ग्रॅम ओलं खोबरं आणि १२ ग्रॅम गूळ जातो. पिठीच्या ७०, खोबऱ्याच्या ७०, गुळाच्या ४५, म्हणजे १८५ कॅलरी झाल्या. मग तू त्याचं नाक फोडून वरून तूप सोडतेस, ते लहान चमचाभर म्हटलं तरी ४५, आणि तुझा चमचा लहान नाहीये आई. असे चार खाल्ले की सव्वानऊशे झाले, भात, वरण, वडे, भाजी सगळं त्याच्या बाहेर. दोन मोदक आणि दोन्हींत मिळून एक चमचा तूप, सव्वाचारशे, हे माझ्या दुपारच्या जेवणात आरामात बसतं. तूप बंद करणार नाहीये, तुपाशिवाय मोदक खाण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा मी खाणारच नाही.

आणि बाबा, तुमचं ते "गूळ चालतो, साखर नको" हे आता बंद. साखर १०० ग्रॅमला ४०० च्या आसपास कॅलरी, गूळ ३८०. रक्तात गेल्यावर गूळ पण साखरच होते, त्यातलं लोह दाखवून मला गप्प करू नका, तेवढ्या लोहासाठी किती गूळ खावा लागेल. तुम्हाला एक मोदक, तूप घालून, सावकाश. बिनसाखरेचे वेगळे मोदक करून कोणी तुम्हाला पंगतीत आजारी माणूस करून ठेवणार नाही, तेही मी आईला आधीच सांगून ठेवतेय.

बाकीचं पान मात्र मला पूर्ण हवंय. फक्त माझं उलटं वाढ. म्हणजे डावीकडे चटणी-कोशिंबीर बोटभर आणि मधोमध भाताची मूद असं असतं ना, तर माझी कोशिंबीर काकडीची, वाटीभर, दाण्याचं कूट बेताने. अळूचं फदफदं दोन वाट्या (त्यात हरभऱ्याची डाळ आणि दाणे असतात, पोट भरतं). काळ्या वाटाण्याची उसळ वाटी भरून. मूद लिंबाएवढी, त्यावर वरण आणि तूप, ती मोडल्याशिवाय जेवण सुरू झालं असं वाटतच नाही. वडा एक. आणि मी आधी कोशिंबीर आणि भाज्या खाणार, मग भात, मग मोदक, तसं खाल्लं की साखर एकदम वर उसळत नाही. तर मी डावीकडून जेवायला लागले की पंगतीत "हे काय चाललंय तुझं" असं मोठ्याने नको, काकू लगेच कान टवकारते.

आणि आग्रह. आई, हे कसं लिहू कळत नाहीये. मला माहितीये की तुला वाढून प्रेम करता येतं, आम्ही चौघं भावंडं त्याच्यावरच वाढलो, मी परीक्षेत नापास होऊन आले होते तेव्हा तू एक शब्द बोलली नव्हतीस, फक्त गरम घावनावर घावन टाकत राहिलीस. पण "माझी शपथ", "बाप्पाला नाही म्हणतेस?" हे यंदा नको गं. तू म्हटलंस की मी खाईन, हाच प्रॉब्लेम आहे. त्याऐवजी माझ्या शेजारी बसून जेव. तू कधी पंगतीत बसलेली मला आठवतच नाही, सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याउभ्या उरलेलं, निवग्र्या आणि ताक.

मला खरी भीती चतुर्थीच्या जेवणाची नाहीच आहे. एक दिवस दोन घास जास्त गेले म्हणून काय होतं, किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा सात-साडेसात हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर दिसला तरी ते मिठाने धरलेलं पाणी असतं, चार दिवसांत उतरतं. भीती आहे ती आरत्यांची. संध्याकाळपासून वाडीत घर घर करत फिरायचं, प्रत्येक घरी आरती, मग खिरापत, कुठे करंजी, कुठे लाडू-चिवडा, कुठे पावाबरोबर उसळ, आणि वर चहा, ज्यात कपाला दोन चमचे साखर ठरलेलीच. जेवायला कोणी बसलेलं नसतं आणि जेवणाच्या दीडपट पोटात गेलेलं असतं. मी प्रसादाला नाही म्हणणार नाही, घाबरू नको, हातावर घेऊन चिमूटभर तोंडात टाकेन आणि बाकीचं पोरांना. चहा मात्र फक्त आपल्या घरी. तू कोणाला कारण सांगत बसू नको, विचारलं तर म्हण तिला ॲसिडिटी आहे. ॲसिडिटी सगळ्यांना पटते, डाएट म्हटलं की "कशाला गं, बारीकच तर आहेस" सुरू.

आणि खरं सांगू का, आपल्या लोकांनी सगळी सोय करून ठेवलीये. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, परसातलं अळू, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल माठ, काकडी, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात, मसाला नाही आणि तुझ्या पद्धतीने तेलाचा थेंबही नाही, वरून फक्त ओलं खोबरं. सुरण आणि मका सोडला तर त्यातल्या बहुतेक भाज्यांत १०० ग्रॅमला वीस-तीस कॅलरी असतील. लहानपणी त्या भाजीला मी नाक मुरडायचे, आता ती चार वाट्या खाणार आहे, मोठं पातेलं काढ. गौरी येतील त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, तो पण मला चालतो. पूजेच्या दिवशी घावन-घाटलं, त्यात घावनं दोन आणि घाटलं अर्धी वाटी. बघ, सगळं खातेच आहे की नाही?

आता एक गोष्ट मी न विचारता करून टाकलीये, रागावू नका. यंदा मोदक एक्कावन्नच करायचे, शंभराच्या वर नाही, आणि मदतीला वरच्या वाडीतल्या काकी येणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय, पैसेही दिलेत, त्यामुळे आता त्यांना नको म्हणून परत पाठवायचं नाही. नारळ त्याच खवतील, उकड पण त्याच मळतील. तुला त्यांची उकड जाडसर वाटेल, वाटू दे. तू खुर्चीवर बसायचं आणि फक्त कळ्या पाडायच्या, त्या तुझ्यासारख्या कोणाला येतच नाहीत. गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला बाबांनी सांगितलंय (बाबा, सॉरी, सांगावं लागलं). गेल्या वर्षी तू दोन दिवस पाटावर बसलीस आणि विसर्जनाला खाली पऱ्यापर्यंत येता आलं नाही तुला, खिडकीतूनच हात जोडलेस. आम्ही सगळे ढोलाच्या नादात पुढे गेलो होतो, मागे वळून बघितलं तर तू नाही.

हरतालिकेचं पण बोलूनच घेऊ. निर्जळी करायची नाही. प्रेशरची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायची, त्याने उपास मोडत नाही, मोडत असला तर मी माझ्या वाट्याचा एक जास्त करीन. शहाळं, केळं, ताक, हे वेळेवर. मी सकाळी घरात असेनच, बघणार आहे.

बाबा, आता तुमचं. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी तुम्हाला दरदरून घाम आला, हात थरथरत होते आणि तुम्ही "उकडतंय" म्हणालात. ते उकडणं नव्हतं. तुमची जी डायबेटिसची गोळी आहे, ग्लिमेपिराइड, ती घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर एकदम खाली येते. गोळी सकाळी घेतलीत, पूजा मध्यान्हीची, गुरुजी सगळ्या वाडीतल्या पूजा करत येणार, म्हणजे जेवायला दोन वाजणारच. तर आत्ताच, सणाच्या आधी, डॉक्टरांना फोन करून विचारा की त्या दिवशी गोळी कधी आणि किती, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही आणि स्वतःच्या मनाने "आज गोड आहे म्हणून एक जास्त" असं तर मुळीच नाही. सोवळ्यात असलात तरी मधे काहीतरी खायचं, देवाला चालतं, आजोबांनाही चाललं असतं. आणि घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी असं काही झालं तर कोणालाही हाक मारून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर मोजायची, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि देवघरातल्या पंचखाद्याच्या डब्याला येता-जाता हात घालायचा नाही, त्यात खारीक, खोबरं, खडीसाखर कशी कमी होते ते आईला माहितीये, ती बोलत नाही एवढंच.

मोदकांबरोबर ती एक करंजी करतेस ना आई, भावांबरोबर बहीण म्हणून, ती माझीच. लहानपणापासून माझी आहे, यंदा भाच्यांना देऊन टाकू नको. ती माझ्या दोनातली एक धर, म्हणजे एक मोदक, एक करंजी. माझी कळ्या फाटलेली मोदकं तू नैवेद्यात मागच्या बाजूला लपवून ठेवायचीस आणि बाप्पाला तीच आवडतात म्हणायचीस, मी दहा वर्षांची होईपर्यंत ते खरं मानलं होतं.

बाकी, तुतारीने येतेय, संगमेश्वरला उतरेन. बाबा, पावसात बाईक घेऊन स्टेशनला यायचं नाही, रिक्षावाल्याला मी आधीच सांगितलंय. येताना औषधं, ग्लुकोमीटरच्या नव्या पट्ट्या आणि गुडघ्याचा पट्टा आणते. जुन्या पट्ट्यांची तारीख बघा, संपली असेल तर टाकून द्या, त्यावरचे आकडे मला कळवू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणणार नाहीये, आई, तुझी वाटी मला पाठ आहे.

दोघांनी वेळेवर जेवा. हे वाचून झाल्यावर मला "ओके" एवढंच पाठवू नका.

तुमची,
मनू

ता.क. आई, खोबरं परतताना जायफळ घाल, वेलची थोडी कमी. त्याच्या कॅलरी मोजत नाहीत.